मास्तरांनी न सांगितलेला दिवस

हे लिहायचं मी अनेक वर्षं टाळलं. कारणं नेहमी हाताशी असत. आधी नोकरी, मग मुलींची लग्नं, मग दमा. मध्यंतरी आमच्या वाचनालयाचा मोठा समारंभ झाला, तेव्हा स्मरणिकेसाठी आठवणी मागायला मंडळी घरी आली होती. मी लिहूनही दिल्या. वाळवीनं खाल्लेली कपाटं, पावसाळ्यात गळणारा कोपरा, एका वर्तमानपत्राची पानं सुटी करून चौघांनी वाटून वाचायची पद्धत. त्यातच जुन्या ग्रंथपालांविषयी, म्हणजे आमच्या मास्तरांविषयी, एक वाक्य लिहिलं: 'उतारवयात स्मृतीने त्यांची साथ सोडली.' कुणी हरकत घेतली नाही. पेठेतल्या जुन्या माणसांना तसंच ठाऊक होतं.

ते वाक्य खोटं आहे. मास्तरांचे डोळे गेले, डोकं नव्हे. डोकं गेलं असं पेठेला वाटलं ते माझ्यामुळे. आज हे वाचायला त्या वेळचं बहुधा कुणीच उरलेलं नाही. तरी लिहितो.

सोलापुरात तीस साली मार्शल लॉ येऊन गेला त्याला दोन-तीन वर्षं झाली होती. भवानी पेठेत एका सुताच्या दुकानावरच्या माडीत आमचं वाचनालय होतं. दुकानाच्या मालकांना सगळी पेठ आप्पा म्हणे. माडी त्यांची, आणि वाचनालयाच्या कमिटीतही शब्द त्यांचाच. मी मॅट्रिकला एकदा आपटून तिथं कारकून म्हणून लागलो होतो. पुस्तकं द्यायची-घ्यायची, झाडलोट करायची आणि सकाळी खालच्या दाराशी टांगलेल्या फळ्यावर दिनविशेष लिहायचा.

हा फळा म्हणजे मास्तरांचा जीव. शाळेतून निवृत्त होऊन ते ग्रंथपाल झाले होते. घरात कन्नड, बाहेर मराठी आणि राग आला की इंग्रजी. मला ते 'तम्मा' म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. वयानं मी त्यांच्या नातवासारखा होतो तरी. फळ्यावर वर तिथी, वार, तारीख आणि त्याखाली आजच्या दिवशी पूर्वी जगात काय घडलं ते. ते म्हणायचे, "आपली माणसं दोन पंचांगांत जगतात, तम्मा. गिरणीचा पगार तारखेला आणि वडलांचं श्राद्ध तिथीला. तिथीला देव आहेत, सण आहेत. तारखेला बिचारीला काही नाही. तिला काहीतरी द्यायला नको का?"

त्यांच्याकडे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, वर्षातल्या प्रत्येक दिवसाला एक पान असलेलं. पण मोतीबिंदू इतका पिकला होता की उजेड-अंधारापलीकडे त्यांना फार काही कळत नसे, आणि ऑपरेशनची त्यांना भीती वाटे. म्हणून संध्याकाळी मी दुसऱ्या दिवसाचं पान वाचून दाखवायचं, त्यांनी रात्रभर विचार करायचा, आणि सकाळी मराठीत एक वाक्य सांगायचं. मी ते खाली जाऊन लिहायचं. कमिटीची एकच अट होती: सरकारच्या डोळ्यावर येईल असं काही फळ्यावर नको. ती अट पाळली की आपल्या देशातलं जवळजवळ सगळंच गळून जाई. उरत ते विलायतेचे राजे, कुठल्या तरी समुद्रात बुडालेली जहाजं आणि यंत्रं.

लोक वाचत नसत असं नाही. वाचून पुढं जात. समोर पानाचं दुकान होतं. मी खडू हातात घेतला की पानवाला तिथूनच ओरडे, "काय कारकूनसायेब, आज कुटल्या राणीला पोर झालं?"

"आज झालं नाही, दोनशे वर्षांपूर्वी झालं."

"मंग बारशाला लई उशीर केला की!"

एका सकाळी मास्तरांनी खरंच एका राणीच्या राज्याभिषेकाचं वाक्य सांगितलं होतं. पानवाला दुकानातून मान बाहेर काढून बसला होता. मला काय वाटलं कोण जाणे, मी लिहिलं: 'आज उसनी भांडी परत करण्याचा दिवस. विलायतेत घरोघर पाळतात.'

दुपारपर्यंत पेठेत भांडी फिरू लागली. पराती, पातेली, खलबत्ते, कुणाचा सोऱ्या, कुणाचं कंदिलाचं झाकण. आमच्या आईची परात कुणाच्या तरी लग्नाला गेली होती, ती इतक्या दिवसांनी घरी आली. आई ती राखेनं घासत म्हणाली, "तुझ्या मास्तरांचं भलं होवो रे. मागायला गेलं तर तोंड वाईट होतं. फळ्यानंच मागितली बघ."

मी तेव्हा हसलो. पण त्या दिवशी मला एक गोष्ट कळली, आणि ती खोटी नव्हती. माणसांच्या मनात बरंच काही करायचं असतं, फक्त कुणीतरी 'आज' म्हणावं लागतं. मास्तर तारखेला इतिहास देत होते. लोकांना तारखेकडून निमित्त हवं होतं.

मग मी थांबलोच नाही. 'आज सासूने सुनेला चहा करून देण्याचा दिवस.' 'आज शेजाऱ्याच्या दारापुढे झाडण्याचा दिवस.' 'आज कुणालाही व्यंगावरून हाक न मारण्याचा दिवस.' त्या दिवशी कोपऱ्यावरच्या लंगड्या शिंप्याला लोक त्याच्या खऱ्या नावानं हाका मारत होते आणि तो मान वर करत नव्हता. आपल्याला कुणी हाक मारतंय हे त्याच्या ध्यानातच येईना. सगळं अर्थात 'विलायतेत पाळतात.' विलायत लांब होती, कोण बघायला जाणार?

फळ्यासमोर गर्दी होऊ लागली. हसणं वर माडीपर्यंत ऐकू येई. मास्तर कान देऊन बसत.

"तम्मा, माणसं आहेत का रे खाली?"

"आहेत, मास्तर."

"वाचतात?"

"वाचतात की."

"बघ. गोडी लागायला वेळ लागतो एवढंच."

त्यानंतर ते वाक्यावर जास्त कष्ट घेऊ लागले. अवघड शब्द काढून सोपा घालायचे, पुन्हा म्हणून बघायचे, "हे आपल्या विणकरांना कळेल ना?" असं विचारायचे. आणि त्यांनी असं घासूनपुसून दिलेलं वाक्य मी जिन्यावरच टाकून खाली जात असे. वर आल्यावर ते विचारत, "लिहिलंस?" आणि मी त्यांचंच वाक्य त्यांना पुन्हा म्हणून दाखवी.

एकदा फजिती व्हायची वेळ आली होती. पानवाला वर्तमानपत्र बघायला माडीवर आला आणि म्हणाला, "मास्तर, त्यो भांड्यांचा दिवस लई झ्याक झाला बगा!"

मास्तर गोंधळले. "कसली भांडी?"

मी मध्येच म्हणालो, "ते चिनी मातीच्या भांड्यांचं, मास्तर. कारखाना निघाला ते. मागे सांगितलं होतंत ना तुम्ही?"

"मागे?" त्यांनी बोटांवर दिवस मोजले. मग "हौदु, हौदु" म्हणाले. म्हणजे हो, हो. "सांगितलं असेल." त्यांच्या तोंडून 'असेल' हा शब्द मी तोवर ऐकला नव्हता. तारखांच्या बाबतीत तरी नाहीच. माझं लक्ष तिकडे गेलंही, पण आपण कसं वेळेवर निभावून नेलं याचाच मला आनंद झाला होता.

जून लागला. मृग अजून लागायचा होता. पेठेच्या टोकाला एक जुनी विहीर होती. पिण्याला आणि विणकरांच्या सुताला, दोन्हीला तिचंच पाणी. ती तळाला गेली होती. बायका दोर जोडून पाणी शेंदत.

त्या सकाळी मास्तर भलतेच खुशीत होते. "आज लिही, तम्मा. फ्रान्स देशात दोघा भावांनी कापडाचा मोठा फुगा गरम हवेने भरला आणि आजच्या दिवशी लोकांसमोर आकाशात सोडला." त्यांनी दोन्ही हात वर नेले होते. "राजे नव्हेत बरं का. कागदाचा धंदा करणारी माणसं. आपल्या पेठेसारखीच. हे आवडेल लोकांना."

ते खरोखरच चांगलं होतं. लिहिलं असतं तर आवडलं असतं. पण मी खाली आलो तर विहिरीवर भांडण चालू होतं, घागरी एकमेकींवर आपटत होत्या, आणि माझ्या डोक्यात आलं की फ्रान्सच्या फुग्याला दिवस आहे, मग आमच्या विहिरीला का नसावा? विहिरी उन्हाळ्यातच खणतात. पाणी लागलं असेल ते याच सुमाराला. मी लिहिलं: 'आजच्या दिवशी आपल्या पेठेतल्या विहिरीला पहिलं पाणी लागलं.' या खेपेला विलायत नव्हती. मला ते खोटं वाटलंही नाही. आपण पेठेला काहीतरी देतोय असंच वाटलं.

थोड्या वेळानं बायकांनी विहिरीच्या काठाला हळदकुंकू लावलं. कुणी मोगऱ्याचा गजरा ठेवला. भांडण थांबलं होतं. मी दारात उभा राहून बघत होतो, आणि खरं सांगतो, मला भरून आलं होतं. मग कुणीतरी नारळ आणला आणि सगळं तिथंच अडलं.

नारळ फोडायचा कुणी?

आमच्या सोलापुरात मान म्हणजे काय हे बाहेरच्याला पटकन कळणार नाही. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत कुठली मानाची काठी पुढं, कुणाचा खांदा, कुणाचा नारळ पहिला, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. त्यावरून ठरलेल्या सोयरिकी मोडल्या आहेत. मी विहिरीला दिवस दिला होता, मानकरी दिला नव्हता. परगावच्या माणसाकडून ही चूक झाली असती तर समजण्यासारखं होतं. मी इथंच वाढलो होतो.

आप्पा दुकानातून उठून आले. "विहीर आमच्या आज्यानं खणवली. नारळ आमच्या घरचा."

विणकरांचे एक म्हातारे पंच होते, घरी तेलुगू बोलणारे. ते काठावरून हलले नाहीत. "तुमच्या आज्यानं खणवली, व्हय. आणि खाली उतरून दगड कुणी फोडला? आमच्या लोकांनी. तुमच्या आज्याचं धोतर तरी भिजलं काय, आप्पा?"

लोक हसले. आप्पांना ते हसणं लागलं. "आजा काढू नका!"

"तुमीच काढला की पयला."

"हितं भांडून काय?" पानवाला म्हणाला. "मास्तरांनी लिवलंय, मास्तरांनाच इचारा."

सगळी माणसं जिना चढून माडीवर आली. मी त्यांच्या मागून येऊन माझ्या नेहमीच्या जागी उभा राहिलो. मास्तर एवढे पाय वाजलेले ऐकून उठून उभे राहिले. मला वाटतं, आपलं कौतुक करायला लोक आलेत असं त्यांना वाटलं असावं. चेहरा तसा होता.

"मास्तर," आप्पा म्हणाले, "फळ्यावर विहिरीचं लिहिलंत ते बरं केलंत. आता ती खणली कुणी तेही सांगून टाका. कुठल्या पुस्तकात आहे?"

"विहीर?" मास्तर हसले. "विहीर नव्हे, आप्पा. फुगा. आज फुग्याचा दिवस."

 मग मागून कुणीतरी खुदकन हसलं.

पंच जरा हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, खाली विहीरच लिवलंय. माझ्या मुलानं वाचून दाखवलं मला."

"शक्य नाही." हे ते आधी इंग्रजीत म्हणाले, मग मराठीत. "मी काय सांगितलं ते मला ठाऊक आहे." आणि माझा आवाज जिथून येई त्या बाजूला वळून त्यांनी विचारलं, "तम्मा, काय लिहिलंस तू?"

मी म्हणालो, "मास्तरांनी सांगितलं तेच."

त्यांच्याकडे न बघता, आप्पांकडे बघून म्हणालो. नोकरी जाईल, घरी आई एकटी आहे, आप्पा चिडलेत, ही कारणं मला नंतर सुचली. ती खोटी नाहीत. पण ते वाक्य बाहेर पडलं तेव्हा यातलं काहीच मनात नव्हतं. तोंडात होतं ते आलं. इतक्या दिवसांची सवय होती.

मास्तर तसेच माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचा हात टेबलावर चाचपडत त्या जाड पुस्तकावर गेला आणि तिथंच थांबला. पुस्तक हाताशी होतं, पण त्यातलं पान काढून दाखवायला त्यांना डोळे नव्हते. ते काम माझे डोळे करत. शेवटी ते म्हणाले, "मग मीच सांगितलं असेल. वय झालं. घोळ होतो."

"मागं भांड्यांच्या टायमाला बी आसंच झालतं की," पानवाला म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, कणव होती.

विहिरीचं भांडण त्या उन्हाळ्यापुरतंच टिकलं. आप्पांनी वाटेवर फाटक घातलं, विणकरांच्या बायका लांबून पाणी आणू लागल्या, मग पाऊस आला, विहीर भरली, पेठेतल्या चार वडीलधाऱ्यांनी मध्ये पडून फाटक काढायला लावलं. मास्तरांचं मात्र निस्तरलं नाही. चूक माणसाकडून होते, पण सगळ्या पेठेनं वाचलेलं 'मी लिहिलंच नाही' म्हणणारा माणूस लोकांना वेगळा वाटतो. लोक त्यांच्याशी मोठ्यानं, सावकाश बोलू लागले. कमिटीनं शाल घालून त्यांना निरोप दिला. आप्पांनी भाषणात 'विश्रांती' हा शब्द पुनःपुन्हा वापरला. ग्रंथपालाची जागा मला मिळाली.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी फळ्यावर पुस्तकातलं सोडून एक अक्षर लिहिलं नाही. राजे, जहाजं, यंत्रं. पानवाला म्हणायचा, "मास्तर हुते तवा मजा हुती. तुमचं लईच कोरडं हाय बगा."

मास्तर सांगोल्याला लेकीकडे राहायला गेले. मी वर्षभर आज-उद्या करत राहिलो, आणि एका सुट्टीला सर्व्हिस मोटारीत बसून गेलो. वाटेत मोहोळच्या पुढं मोटार बंद पडली, तेव्हा रस्त्याच्या कडेला उभा राहून मी मनाशी वाक्यं जुळवत होतो. कशी सुरुवात करायची, त्यांनी काय म्हटलं तर काय म्हणायचं.

त्यांची लेक माझ्यापेक्षा बरीच मोठी. मी तिला अक्का म्हटलं. दारातच ती हळू आवाजात म्हणाली, "बरं झालं आलास. रोज सकाळी तारीख विचारतात. मग आज काय घडलं होतं ते सांगतात. आणि लगेच म्हणतात, 'कुणाला सांगू नको गं, चुकलं असेल.' मी म्हणते, नाही हो चुकलं. तर म्हणतात, तुला काय कळतंय!"

मास्तर ओसरीवर बसले होते. अंगणात शेळ्या बांधल्या होत्या. माझा आवाज ऐकताच "तम्मा!" म्हणून त्यांनी हात पुढं केला. आईची चौकशी केली. फळ्याची केली.

"आता तूच निवडतोस?"

"हो."

"बरं." मग ते जरा पुढं वाकले. "एक विचारू? खरं सांगशील? त्या दिवशी मी तुला विहीर सांगितली होती का रे? मला अजून फुगाच आठवतो. दोघं भाऊ, कागदवाले. मी हात असे वर केले होते, तेसुद्धा आठवतं. इतकं स्वच्छ आठवतं, त्याचीच भीती वाटते. एवढं स्वच्छ आठवलेलं जर झालंच नसेल, तर बाकीचं काय धरून बसायचं मी?"

तेव्हा मला कळलं की माडीवर त्यांनी मला वाचवलं नव्हतं. इतके दिवस मी स्वतःची तशी समजूत घालत होतो, की मास्तरांनी ओळखलं असणार आणि मोठ्या मनानं अंगावर घेतलं असणार. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, एवढंच. माझ्यावर ठेवला आणि स्वतःवरचा काढून घेतला.

अक्का ताक घेऊन आली. मी लोटा घेतला. मास्तर माझ्या उत्तरासाठी मान वळवून थांबले होते. मी ताक प्यायलो, अगदी शेवटपर्यंत, आणि म्हणालो, "आता ते कशाला काढता, मास्तर? झालं गेलं."

त्यांनी मान हलवली. "हौदु. झालं गेलं."

परतीच्या मोटारीची वेळ झाली होती. मी पाया पडलो, त्यांनी पाठीवरून हात फिरवला. पुढल्या वर्षी पुन्हा जायचं ठरवलं होतं. त्याच्या आधीच ते गेल्याचं कळलं.

तो लोटा खाली ठेवायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात सांगून झालं असतं. फार नव्हतं. मास्तर, तुम्ही फुगाच सांगितला होता. विहीर मी लिहिली, आणि सगळ्यांसमोर तुमच्यावर ढकलली. तुमचं काहीच चुकलं नव्हतं, त्या दिवशीही नाही आणि त्याआधीही नाही. मला क्षमा करा.